सच्छिद्र कार्बनची उष्णतावाहकता मोजताना: वायुसाठवणीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

ॲक्टिव्हेटेड कार्बनमध्ये मिथेन साठवण्याच्या कामाला नव्याने हात घालणाऱ्याचे सगळे लक्ष बहुधा एका ग्रॅम कार्बनचे पृष्ठफळ किती चौरस मीटर भरते याकडे लागलेले असते. तो आकडा महत्त्वाचा आहेच. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या चांगल्या कार्बनमध्ये तो हजाराच्या पुढे जातो आणि काही खास बनावटींत तीन हजारांच्या घरात पोहोचतो. पण टाकी प्रत्यक्ष भरायला घेतली की दुसरीच अडचण पुढे येते. मिथेनचा रेणू सूक्ष्म छिद्राच्या भिंतीला धरला जातो तेव्हा उष्णता बाहेर पडते, साधारण दर मोलमागे १५ ते २० किलोज्यूल, आणि ज्या कार्बनच्या थरात ती निर्माण होते तो थर उष्णतेचा अतिशय मंद वाहक असतो. तापलेला कार्बन कमी वायू धरतो, त्यामुळे टाकी भरली असे दाबमापक सांगतो आणि थोड्या वेळाने थंड झाल्यावर ती अर्धवटच भरलेली निघते. टाकी रिकामी करताना उलटे होते: थर थंड पडतो आणि काही वायू आतच अडकून राहतो.

या लेखात कार्बनच्या अशा थराची उष्णतावाहकता साध्या प्रयोगशाळेत कशी मोजावी आणि हाती आलेल्या आकड्याचा अर्थ कसा लावावा, हे क्रमाने दिले आहे. उदाहरणासाठी करवंटीच्या कार्बनचे दाणे आणि मिथेन हीच जोडी धरली आहे. सीएनजीची टाकी २०० बार दाबाला भरतात, तर कार्बन भरलेल्या टाकीचा विचार सहसा ३५ बारच्या आसपास केला जातो. पुढील सर्व हिशेब त्या दाबाच्या संदर्भात वाचावेत.

पहिली पायरी: उपकरणाला हात लावण्याआधी कागदावर हिशेब

आपल्याला वाहकता किती अचूक हवी आहे आणि कशासाठी हवी आहे, हे आधी ठरवावे. त्यासाठी दोन ढोबळ गणिते पुरतात.

पहिले गणित तापमानवाढीचे. एक किलो कार्बनने १०० ग्रॅम मिथेन धरला असे माना. म्हणजे सव्वासहा मोल झाले, आणि दर मोलमागे १६ किलोज्यूल धरले तर १०० किलोज्यूल उष्णता निघाली. कार्बन आणि त्याने धरलेला वायू मिळून एका अंशाने तापायला साधारण एक किलोज्यूल लागतो. उष्णता बाहेर जाऊच शकली नाही, तर तापमान शंभर अंशांनी चढायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण तापत चाललेला कार्बन पुढचा वायू घ्यायचे थांबवतो. मात्र ही कमाल मर्यादा डोळ्यांसमोर असली की तापमापकावर दिसणाऱ्या काही दशक अंशांच्या वाढीचे आश्चर्य वाटत नाही.

दुसरे गणित वेळेचे. सैल भरलेल्या कोरड्या दाण्यांची वाहकता हवेत साधारण ०.१ ते ०.३ वॅट प्रति मीटर-केल्विन असते. आपण ०.२ धरू. थराची घनता घनमीटरला ५०० किलो आणि उष्णताधारकता किलोमागे ८०० ज्यूल धरली, तर उष्णताविसरणाचा गुणांक (उष्णता थरात किती वेगाने पसरते ते सांगणारा आकडा) सेकंदाला एका चौरस मीटरचा वीस लाखावा भाग इतका येतो. दहा सेंटीमीटर त्रिज्येच्या नळकांड्यात भिंत बाहेरून उत्तम थंड ठेवली तरी आतल्या उष्णतेचा दोन-तृतीयांशाच्या आसपास भाग बाहेर पडायला जवळपास तास लागतो. गॅसच्या पंपावर गाडीला मिळतात ती काही मिनिटे. वाहकता मोजण्याचा खटाटोप का करायचा, याचे उत्तर या तफावतीत आहे.

याच गणितातून आणखी एक गोष्ट कळते, जी नवखा माणूस सहसा उशिरा पाहतो. हा वेळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वाहकता चौपट केली तर वेळ एक-चतुर्थांश होतो, आणि त्रिज्या निम्मी केली तरीही तो तितकाच कमी होतो. म्हणून पदार्थात फेरफार करण्याआधी टाकीचा आकार बदलून किंवा आत उष्णता भिंतीकडे नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या बसवून काम भागते का, हे पाहणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी पायरी: उष्णता कोणत्या वाटेने जाते ते समजून घेणे

ग्रॅफाइटच्या उत्तम स्फटिकात थरांच्या दिशेने उष्णतावाहकता २००० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते, तांब्याच्या कित्येक पट. मग त्याच कार्बनच्या दाण्यांची वाहकता त्याच्या दहा हजाराव्या भागाइतकी का उतरते? करवंटीच्या कार्बनमध्ये ग्रॅफाइटसारखे थर असतात, पण ते अगदी छोटे, वाकडेतिकडे आणि कशाही दिशांना तोंड करून असलेले असतात; दोन नॅनोमीटरहून लहान अशा सूक्ष्म छिद्रांनी त्यांना पोखरलेले असते. म्हणजे एकेका दाण्याच्या आतच वाहकता खालावलेली असते. त्यातून दोन दाणे एकमेकांना फक्त टोकांवर टेकतात, त्यामुळे एका दाण्यातून दुसऱ्यात जाणारी बरीचशी उष्णता स्पर्शबिंदूच्या भोवतालच्या अरुंद फटीतील वायूतून जाते. वायू कोणता आहे, याला म्हणूनच फार महत्त्व आहे. खोलीच्या तापमानाला कार्बन डायऑक्साइडची वाहकता सुमारे ०.०१७, नायट्रोजनची ०.०२६, मिथेनची ०.०३४, हेलियमची ०.१५ आणि हायड्रोजनची ०.१८ वॅट प्रति मीटर-केल्विन आहे. एकाच नमुन्याचा हवेतला आकडा आणि हायड्रोजनमधला आकडा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, ती याचमुळे.

दाबाबद्दलही एक गैरसमज नेहमी आढळतो. दाब एक बारवरून ३५ बारवर नेला की वायूची वाहकता त्याच प्रमाणात वाढेल, असे वाटते. तसे होत नाही. दाबाबरोबर रेणूंची संख्या वाढते, पण प्रत्येक रेणूची दोन टकरींमधली वाटचालही तितकीच आखूड होते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना जवळपास छेद देतात. साध्या दाबाच्या हवेत ही वाटचाल ७० नॅनोमीटरच्या आत असते आणि दाण्यांमधल्या फटी त्याच्या हजारो पट मोठ्या असतात, म्हणून तेथील वायू मोकळ्या वायूसारखाच वागतो. खरा फरक निर्वातात दिसतो: दाब शंभरावा भाग मिलिबार इतका उतरवला की रेणूची वाटचाल सात मिलीमीटरच्या आसपास जाते, फटीतला वायू जवळपास निरुपयोगी ठरतो आणि थराची वाहकता घसरते.

तिसरी पायरी: नमुना तयार करणे

मोजमापातल्या निम्म्याअधिक चुका येथे होतात, म्हणून या पायरीला वेळ द्यावा.

दाणे आधी चाळून घ्यावेत. बाजारात १२ बाय ३० मेश म्हणून मिळणारा कार्बन म्हणजे साधारण ०.६ ते १.७ मिलीमीटरचे दाणे. चाळणीखाली गेलेली भुकटी फेकून न देता वेगळी ठेवावी, कारण मोठ्या दाण्यांच्या फटीत बारीक भुकटी भरली की घनता आणि वाहकता दोन्ही बदलतात आणि तो स्वतंत्र नमुना म्हणून मोजण्याजोगा असतो.

मग सुकवणे. कार्बन दिसायला कोरडाठाक असतो, पण दमट हवेत तो आपल्या वजनाच्या वीस-तीस टक्क्यांपर्यंत पाणी धरू शकतो. पाण्याची वाहकता ०.६, म्हणजे आपण मोजत असलेल्या थराच्या तिप्पट. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या डब्यातून घेतलेल्या नमुन्याचा आकडा म्हणूनच फसवा आणि गोंडस येतो. दाणे पातळ थरात पसरून १५० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये किमान तीन तास ठेवावेत, आणि सोय असेल तर त्यानंतर रात्रभर निर्वातात तापवावेत. गार करायचे ते सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्येच, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातच. सुकलेला कार्बन उघड्या वजनकाट्यावर ठेवला की शेवटचा अंक स्थिर होत नाही. हवेतले बाष्प ओढून घेत तो डोळ्यांदेखत चढत राहतो. असे दिसले की वजन बंद झाकणाच्या बाटलीत घ्यावे.

भरण्याची पद्धत ठरवून घ्यावी आणि प्रत्येक वेळी तीच पाळावी. ठरावीक उंचीवरून नरसाळ्याने दाणे सोडावेत, पात्र ठरावीक वेळा आपटावे, आणि भरल्यावर आकारमान व वजनावरून घनता काढावी. करवंटीच्या दाण्यांसाठी ती घनसेंटीमीटरला ०.४५ ते ०.५५ ग्रॅमच्या दरम्यान यावी. ही घनता वहीत नसेल तर पुढे मोजलेल्या वाहकतेला काही अर्थ उरत नाही.

चौथी पायरी: मोजण्याची पद्धत निवडणे

चार पद्धती प्रचलित आहेत. संरक्षित तप्त पट्टीची पद्धत सर्वात सरळ आहे, कारण त्यात स्थिर अवस्थेतला उष्णताप्रवाह थेट मोजतात. पण नमुना मोठा लागतो आणि कार्बनसारख्या पदार्थात स्थिर अवस्था यायला तासन् तास जातात. लेसर फ्लॅश पद्धतीत नमुन्याच्या एका बाजूवर लेसरचा झोत टाकून दुसरी बाजू किती लवकर तापते ते पाहतात; तिला छोटी घट्ट चकती पुरते, म्हणून दाबून केलेल्या वड्यांना ती सोयीची वाटते. मात्र तिच्यात वाहकता थेट मिळत नाही. विसरणाचा गुणांक मिळतो आणि त्याला घनता व उष्णताधारकता यांनी गुणावे लागते. सच्छिद्र चकतीत प्रकाश पृष्ठभागाच्या खाली शिरतो, हाही तिचा तोटा. तिसरी, दोन नमुन्यांच्या मध्ये निकेलच्या सर्पिल पट्टीचा सेन्सर ठेवण्याची पद्धत, दाणे आणि वड्या दोन्हींना चालते. परवडत असेल तर तीच घ्यावी.

सैल दाण्यांसाठी आणि मर्यादित खर्चात काम करणाऱ्यांसाठी मी चौथी पद्धत सुचवेन: तप्त सुईची. पोलादी सुईत तापणारी तार आणि तापमापक दोन्ही बसवलेले असतात. ही सुई थरात खोवून तिला स्थिर वीज दिली की तिचे तापमान कसे चढते, यावरून वाहकता निघते. मातीची वाहकता मोजणारे लोक ही पद्धत फार पूर्वीपासून वापरतात. येथे एक खबरदारी आवश्यक आहे. कार्बन विजेचा वाहक आहे. उघडी तार थेट दाण्यांत ठेवली तर वीज तारेतून न जाता अंशतः दाण्यांतून फिरते आणि सगळेच गणित कोसळते. तार आणि कार्बन यांच्यामध्ये विद्युतरोधक थर असलाच पाहिजे. बंद सुईत तो आपोआप मिळतो.

पाचवी पायरी: सुईची पारख आणि प्रत्यक्ष मोजमाप

कार्बनला हात लावण्याआधी सुई ग्लिसरीनमध्ये तपासावी. खोलीच्या तापमानाला ग्लिसरीनची वाहकता ०.२८ ते ०.२९ आहे, म्हणजे आपल्या थराच्या जवळपासची, आणि ते दाट असल्यामुळे सुईभोवती द्रवाचे प्रवाह सुरू होत नाहीत. येथे पाच टक्क्यांहून अधिक फरक आला तर सुईची लांबी, विजेचे मोजमाप किंवा तापमापक यांपैकी काहीतरी चुकले आहे, असे समजून आधी तेच दुरुस्त करावे.

पात्र पुरेसे रुंद हवे. वर धरलेल्या विसरण गुणांकाने दोन मिनिटांत उष्णता सुमारे १५ मिलीमीटरपर्यंत पसरते. तिने भिंत गाठता कामा नये, म्हणून पात्राची त्रिज्या पाच सेंटीमीटर ठेवावी. सुई मध्यभागी उभी ठेवून तिच्याभोवती दाणे भरावेत. भरलेल्या थरात सुई घुसवली तर तिच्या कडेने दाण्यांची मांडणी बिघडते आणि स्पर्श सैल होतो.

भरल्यावर लगेच मोजू नये. पाच सेंटीमीटर त्रिज्येच्या थराला स्वतःचे तापमान समान करायला तास-दीड तास लागतो. सुईचे तापमान दहा मिनिटांत एक-दोन शतांश अंशांहून अधिक सरकत नाही, अशी खात्री झाल्यावरच वीज सुरू करावी. वीज दर मीटर लांबीमागे साधारण दोन वॅट ठेवावी. ती काढताना पुरवठ्याच्या डब्यावरील आकड्यावर विसंबू नये. तारेतून जाणारा प्रवाह आणि तिच्या दोन टोकांवरील विद्युतदाब वेगळ्या तारांनी मोजून गुणाकार करावा. तापमानाची नोंद दर सेकंदाला घ्यावी.

सहावी पायरी: आलेखातून वाहकता काढणे

तापमान आणि वेळेचा नैसर्गिक लॉगरिदम यांचा आलेख काढला की त्याचे तीन भाग दिसतात. सुरुवातीचा वाकडा भाग सुईच्या स्वतःच्या तापण्याचा आणि तिच्या सैल स्पर्शाचा असतो. मधला सरळ भाग थराचा असतो. शेवटी रेषा पुन्हा वळली तर उष्णता भिंतीपर्यंत पोहोचली असे समजावे. फक्त मधला भाग घ्यायचा. वाहकता म्हणजे दर मीटरमागची वीज भागिले पाय (π) या संख्येची चौपट आणि त्या सरळ भागाचा उतार यांचा गुणाकार.

उदाहरण घेऊ. वीज दर मीटरला २ वॅट आहे आणि ३० ते १२० सेकंदांच्या दरम्यान तापमान १.१० अंशांनी चढले. वेळ चौपट झाला, आणि चारचा नैसर्गिक लॉगरिदम १.३८६ आहे, म्हणून उतार १.१० भागिले १.३८६ म्हणजे ०.७९४. पायची चौपट १२.५७. दोनला १२.५७ आणि ०.७९४ यांच्या गुणाकाराने भागले की ०.२० वॅट प्रति मीटर-केल्विन मिळते. हवेत, कोरड्या सैल दाण्यांसाठी, उत्तर ०.०५ च्या खाली किंवा ०.५ च्या वर आले तर पदार्थाचे कौतुक करण्याआधी प्रयोगावर संशय घ्यावा. पात्र रिकामे करून, पुन्हा भरून, पुन्हा मोजावे. भरण्यातला फरक किती ढवळाढवळ करतो, हे त्याशिवाय कळत नाही.

सातवी पायरी: वायू आणि दाब बदलणे

क्रम असा ठेवावा: निर्वात, नायट्रोजन, हेलियम आणि सर्वांत शेवटी मिथेन. निर्वात आणि नायट्रोजन यांतील फरकावरून फटीतल्या वायूचा वाटा समजतो, आणि हेलियममध्ये आकडा लक्षणीय वाढला नाही तर सुई किंवा पात्रात गफलत आहे असे ओळखता येते.

मिथेनमध्ये एक नवी गुंतागुंत येते. सुईजवळचा कार्बन तापला की त्याने धरलेला थोडा मिथेन सुटतो आणि सुटताना उष्णता खातो. कार्बनची उष्णताधारकता वाढल्यासारखी दिसते, तापमान मंद चढते आणि आलेखाचा सरळ भाग उशिरा सुरू होतो. म्हणून नायट्रोजनसाठी ठरवलेली ३० ते १२० सेकंदांची खिडकी मिथेनला तशीच लावू नये. सरळ भाग प्रत्येक वेळी नव्याने शोधावा. लेसर फ्लॅशसारख्या पद्धतीत कोरड्या कार्बनची उष्णताधारकता घालून मिथेनमधली वाहकता काढणे याच कारणाने चुकीचे ठरते.

सुरक्षिततेबाबत सवलत नाही. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तर मिश्रण पेट घेते, म्हणून पात्रातली हवा निर्वात करून काढल्याशिवाय मिथेन सोडू नये, आणि बाहेर सोडताना तो हवेशीर जागी, ठिणगीपासून दूर सोडावा. ३५ बारचे पात्र वर्कशॉपमध्ये जोडून घेण्याची वस्तू नव्हे. भारतात दाबाखालच्या वायूंच्या सिलिंडरांची मान्यता पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) या संस्थेकडे आहे आणि तिचे मुख्यालय नागपुरात आहे. आपल्या पात्राला कोणते नियम लागू होतात, हे तेथून किंवा संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून आधी समजून घ्यावे. दाबाच्या कामाची सोय नसेल तर एक बारपर्यंतची मोजमापेही पुष्कळ काही सांगतात, आणि दाण्यांमधल्या वायूचा वाटा दाबाबरोबर फारसा बदलत नाही हे वर आलेच आहे.

आठवी पायरी: वाहकता वाढवायची असेल तर

प्रसरण पावलेले ग्रॅफाइट मिसळणे हा सर्वांत प्रचलित उपाय. नैसर्गिक ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत आम्ल शिरवून ते एकदम तापवले की पापुद्रे फुगून अळीसारखे लांबट, अतिशय हलके तुकडे तयार होतात. कार्बनची भुकटी त्यांत मिसळून दाबली की वडी बनते आणि तिची वाहकता घनतेनुसार एकपासून दहा-वीस वॅट प्रति मीटर-केल्विनपर्यंत जाऊ शकते.

पण दाबताना पापुद्रे आडवे पडतात. त्यामुळे वडीची वाहकता दाबाच्या दिशेला काटकोनात जास्त आणि दाबाच्या दिशेने बरीच कमी असते. नळकांडी टाकीत उष्णतेला मध्यापासून भिंतीकडे जायचे असते, म्हणून वड्या टाकीच्या लांबीच्या दिशेने दाबलेल्या हव्यात. सुईने दोन्ही दिशा मोजता येतात: सुई दाबाच्या दिशेने घातली तर आडवी वाहकता थेट मिळते, आणि आडवी घातली तर दोन्ही वाहकतांच्या गुणाकाराचे वर्गमूळ मिळते. पहिल्या मोजमापात ४ आणि दुसऱ्यात २ आले, तर दाबाच्या दिशेची वाहकता १ आहे. याहून जास्त वाहक वड्यांसाठी मात्र सुईऐवजी सर्पिल सेन्सरच वापरावा, कारण भोकातल्या सैल स्पर्शाचा दोष तेथे फार मोठा होतो.

वडी आणि टाकीची भिंत यांच्यामधली फटही हिशेबात धरावी. अर्धा मिलीमीटर फटीतल्या मिथेनचा रोध दर चौरस मीटरला सुमारे ०.०१५ केल्विन प्रति वॅट येतो. ०.२ वाहकतेच्या दहा सेंटीमीटर थराचा रोध ०.५ असल्यामुळे त्याच्यापुढे ही फट नगण्य आहे. पण वडीची वाहकता ५ केली की तिचा रोध ०.०२ वर येतो आणि फट अचानक तोडीस तोड होते. पुढे वाहकता कितीही वाढवली तरी टाकी तितकी लवकर थंड होत नाही.

शिवाय ग्रॅफाइट वायू जवळजवळ धरत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या २०१२ च्या कार्यक्रमाने टाकीच्या आकारमानाच्या २६३ पट मिथेन साठवण्याचे लक्ष्य ठेवले होते. अशा लक्ष्याच्या मागे असताना टाकीतली पाचवा हिस्सा जागा ग्रॅफाइटला देणे परवडते का, हे भरण्याच्या वेळेशी ताडून पाहावे. माझ्या मते अनेक ठिकाणी ०.२ वरून १ पर्यंत जाणे पुरते, आणि १० पर्यंतची धडपड फटीच्या रोधात वाया जाते.

नववी पायरी: नोंद

वाहकतेचा आकडा वहीत एकटा लिहू नये. त्याच्यासोबत कार्बनचा उगम आणि दाण्यांचा आकार, थराची घनता, सुकवण्याची पद्धत व वजनातली घट, वायू आणि त्याचा दाब, तापमान, मोजण्याची दिशा, दर मीटरमागची वीज, आलेखातली निवडलेली वेळेची खिडकी आणि पुन्हा भरून घेतलेल्या मोजमापांमधला फरक इतके लिहावे. त्याच दिवशी घेतलेला ग्लिसरीनचा आकडाही शेजारी असावा, कारण सुई जुनी होत जाते आणि तिचा बदल प्रथम तेथेच दिसतो.